चकती आटली, गाठ नाही

शेवटी लोकांनी चकतीबाबाची भट्टी फोडली आणि त्याला गल्लीबाहेर घालवलं. पण हे अजून घडलेलंच नाही असं धरून चालू. कारण त्या सकाळी शिंपीणबाई नवऱ्याला घेऊन रांगेत उभी होती आणि भट्टीच्या भोकातला लाल उजेड माणसांच्या तोंडावर पडत होता.

नवऱ्याच्या मानेत गाठ होती. डॉक्टरांनी दिलेली ऑपरेशनची तारीख त्याने बाबाच्या भरवशावर चुकवली होती. गाठ वाढेल तसं सदऱ्याचं गळ्याचं बटण मात्र शिंपीणबाईला पुन्हा पुन्हा सरकवावं लागत होतं.

"रोग चकतीच्या कानात सांगा!" बाबा गरजला. "भट्टी रोगाला खाते, रोग भट्टीला भितो आणि दोघंही मला विचारून वागतात!"

चकतीला कान कुठे, हे कोणी विचारलं नाही. नवरा तांबूस चकतीशी कुजबुजला. बाबाच्या लोखंडी कड्यातून ती आधी जाईना; भट्टीतून निघून निवल्यावर सुळकन गेली. रांग गहिवरली.

"आटली गं गाठ!" नवरा म्हणाला, मानेला हात न लावता.

शिंपीणबाईने लावला. गाठ होती तिथेच होती.

मागून नणंद आली. शाळेत विज्ञान शिकवणारी, काखेत लाकडी स्टूल.

"वन्सं, तुम्हाला काय झालंय?"

"मला नाही, वहिनी. याला. लंगडतं."

तिने नव्या चकतीला स्टुलाचं दुखणं सांगितलं. तीही आटली, तीही कड्यातून गेली.

"रोगी ठणठणीत!" बाबा म्हणाला.

"मग बसा की."

बाबा बसला आणि आडवा झाला.

लोक हसले, पण नवरा उसळला, "चकती लहान झाली ती डोळ्यांनी पाहिली ना?"

"झालीच, दादा. आता वजन बघ." नणंदेने भाजीवाल्याचा तराजू मागवला. एका पारड्यात भाजलेली चकती, दुसऱ्यात त्याच साच्यातली कच्ची. पारडी समान. "आतून काहीच गेलेलं नाही. ही धातूची पिठासारखी पूड दाबून केलेली चकती. कणाकणांमध्ये पोकळी असते. भट्टीत पूड वितळत नाही. कण एकमेकांना चिकटतात, पोकळी बुजत जाते, चकती आवळते. पूड जितकी बारीक, तितकी जास्त. गाठीचं नाव घे, स्टुलाचं घे, नाहीतर गप्प बस. ती आटणारच."

मग भट्टी फुटली. त्या गोंगाटात नवरा चकती मुठीत धरून विचारत राहिला, "मग माझी गाठ?"

दवाखान्यात डॉक्टरांनी मान चाचपली आणि गाठ वाढल्याचं कागदावर लिहिलं. मग म्हणाले, "आता नव्याने नंबर लावावा लागेल."

तेव्हा मंडळी, दुखणं अशालाच सांगा, ज्याला उलट प्रश्न विचारता येतो आणि ज्याचं उत्तर तपासता येतं. बाकी या प्रकरणी पुढीलप्रमाणे अर्ज करण्यात येत आहे:

प्रति, मानेतील गाठ. रुग्णास ऑपरेशनची नवी तारीख मिळेपर्यंत आपण आपली वाढ तात्पुरती स्थगित ठेवावी व तसे लेखी कळवावे, ही नम्र विनंती.