अठरा भुंगेरे

माझा मुलगा ओमेश्वर किड्यांचा अभ्यास करतो. आमची सारी हयात धानावरचे किडे मारण्यात गेली आणि पोरगं निघालं ते मोजायला. अर्जुनी मोरगावात कुणी विचारलंच, तर मी ‘डेहराडूनला नोकरीवर आहे’ एवढंच सांगतो.

दिवाळीला आला तेव्हा त्यानं आमच्याच बांधावरचा सडका ओंडका उचलून आणला आणि पडवीत धानाच्या कोठीशेजारी ठेवला. त्याला कानासारखी कडक अळंबी फुटली होती. माणसानं खायची अळंबी, आमच्याकडच्या सात्या, नव्हे ती. पण नारिंगी पट्ट्यांचा एक काळा भुंगेरा तेवढंच खातो, त्यातच अंडी घालतो आणि अळ्याही तेच पोखरून वाढतात. “बाबूजी, मी दर रविवारी फोन करीन, किती हायेत ते मोजून सांगा,” म्हणाला.

बायको जाऊन तीन वर्षं झाली. त्याचा फोन सणासुदीला यायचा, तो आता दर आठवड्याला येऊ लागला. आधी सोळा भुंगेरे होते, मग अठरा झाले. मी शनिवारपासूनच खुशीत असायचो, खोटं कशाला सांगू!

डिसेंबरात धान कोठीत भरलं आणि दरवर्षीसारखी किड्यांची पावडर भिंतीच्या कडेनं मारत गेलो. चाळीस वर्षांची सवय, हात ओंडक्यापाशी थांबलाच नाही.

सकाळी भुंगेरे खाली पडले होते, पाय पोटाशी घेऊन. धक्का लागला की ते मेल्याचं सोंग घेतात, हे त्यानंच शिकवलं होतं. म्हणून खुर्ची टाकून बसलो. जेवणही राहिलं. दिवेलागणीपर्यंत एकही उठला नाही, तेव्हा मला रडू आलं. माझा रविवार गेला होता.

रविवारी मी म्हणालो, “अठरा.” पुढच्या रविवारी, “सतरा.” संशय नको म्हणून एखादा कमीजास्त करायचो.

फेब्रुवारीत तो म्हणाला, “शेजारच्या केवलरामकाकाच्या मोबाईलवरून फोटो पाठवा ना. अळंबी किती पोखरली ते पायतो.”

 मी सांगून टाकलं, “मरून गेले बेटा. धानासंगं त्यायच्यावरही पावडर मारून बसलो. दोन महिने झाले.”

“मंग खोटं काऊन सांगून राहिले होते?”

“खरं सांगतलं असतं, त तू फोन कायले केला असता?”

 

पुढच्या रविवारी फोन आला. भुंगेऱ्यांचा विषय त्यानं काढला नाही. “जेवले का?” म्हणाला. मी “हो” म्हणालो. मग दोघांनाही काही सुचेना. शेवटी त्यानंच विचारलं, “ठेवू?”

मी “ठेव” म्हणालो.