मधलं मेण

"काटा हलत नाही म्हणून जाळ वाढवू नकोस गं पोरी. आत काम चाललंय."

बाबांचा हा आवाज धाकटीच्या कानात अजून तसाच होता, तापल्या मेणाच्या वासासारखा कोमट. लहानपणी ती पातेल्याशेजारी स्टुलावर बसून तापमापकाकडे टक लावून बघायची. काटा चढत यायचा आणि मेण वितळायला लागलं की अडून बसायचा. खाली जाळ धडधडतोय, वर काटा ढिम्म! मग एवढी उष्णता जाते कुठे? बाबा म्हणायचे, घट्ट मेणातले कण म्हणजे गर्दीत खांद्याला खांदा लावून उभी माणसं. जागच्या जागी थरथरतात, पण जागा सोडत नाहीत. सगळी ऊब त्यांची एकमेकांवरची पकड सैल करण्यातच खर्ची पडते. शेवटचा खडा वितळला की मग काटा पुढे सरकतो.

बाबा गेले आणि मेणबत्त्यांचं काम दोघी बहिणींच्या हाती आलं. पुढच्या खोलीत शेगडी, साचे, वातींची रिळं. मागे थोरलीची झोपायची खोली. आज मधली भिंत पडणार होती. मेण वितळवायचं मोठं भांडं बसवायचं होतं, दोघींनी मिळून चालवायचं. थोरलीने आपलं अंथरूण कालच माळ्यावर नेलं होतं, तेही गुणगुणत.

आणि धाकटीला लांब पल्ल्याची बस चालवायची नोकरी लागली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. थोरलीला यातलं अवाक्षर ठाऊक नव्हतं. भिंत पडायच्या आत सांगायलाच हवं होतं. पण दर वेळी ती भलतंच काहीतरी बोलून बसायची.

सकाळपासून तिचा पाय ठरत नव्हता. शेगडीपाशी जा, दाराशी ये, खिडकी उघड, खिडकी लाव.

"अगं, भिंगरी लागलीय का पायाला?" थोरली म्हणाली. "मिस्त्रींना खडू दे."

भिंत पाडायला आलेल्या मिस्त्रीने तिच्यावर लांब रेघ ओढली. "पाडायला काय, चुटकीसरशी पाडतो. उद्या पुन्हा बांधा म्हणालात तर मात्र मी गावात नसेन हं!"

"तुमची जीभ आधी पाडा," थोरली हसली. "बांधायची वेळच येणार नाही."

धाकटीने तोंड फिरवलं. हाताला काहीतरी चाळा हवा होता. टेबलावर सर्वांत जाड मेणबत्तीचा साचा निवत होता. बाहेरून पत्रा गार लागला. मेण कडेकडून गोठत आत जातं, गोठतानाही ऊब सोडत राहतं, मधलं सगळ्यांत शेवटी घट्ट होतं. म्हणून साच्यावर टिचकी मारून आवाज ऐकायचा, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. आज तिने टिचकी मारली नाही. साचा उपडा केला नि आपटला.

मेणबत्ती बाहेर आली, क्षणभर देखणी दिसली आणि फुटली. पोटातलं पातळ मेण भळकन सांडलं, टेबलावरून फरशीवर उतरलं.

"भाजलं का गं?" थोरली धावली. तिने धाकटीचे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले.

"नाही."

"तू आणि ही चूक?" रागवायचं सोडून थोरलीचाच चेहरा पडला. "माझंच चुकलं. एवढ्याशा भांड्यावर तुला राबवते, मग घाई होणारच. मोठं भांडं आलं की निवांत काम करशील, बघ. मिस्त्री, चहाबिहा नंतर. करा सुरुवात."

मिस्त्रीने हातोडा उचलला. फरशीवरचं मेण कडेने पांढरं पडू लागलं होतं, मधे अजून पाण्यासारखं हलत होतं. थोरलीने बहिणीचे हात सोडले नव्हते. धाकटीला आपले हात सोडवून घ्यावेसेही वाटेनात आणि तसेच राहू देववेनातही.

"मिस्त्री, थांबा!" आवाज इतका मोठा निघाला की तिची तीच दचकली.

"आता काय?" थोरली म्हणाली.

"ताई, ती भिंत राहू दे. तुझी खोली तुलाच राहू दे. मी सोमवारी जातेय गं. बस चालवायची नोकरी लागलीय मला. तू नको म्हणशील म्हणून नाही, तू हो म्हणशील आणि मग माळ्यावर एकटीच रडशील, म्हणून सांगत नव्हते."