आतला पडदा

जिनदासनं डोळे दान केलेत, हे गावाला तो मरायच्या आधीपासून पाठ होतं. विहाराच्या उत्सवात अर्ज भरला काय, दारू चढली की त्याचंच पुराण लावायचा. आता दारात मयताची पांढरी निशाणं लागली, आणि नेत्रपेढीचा समरवीर बर्फाचा डबा घेऊन हजर झाला.

"अक्का, तुमची सही लागेल," तो हळूच म्हणाला.

जिनदासच्या बायकोनं, पियसीलीनं कागदाला हात लावला नाही. तिचा डावा डोळा चौदा वर्षं आंधळा होता. विहिरीवर पाय घसरला असं तिनं सांगितलं होतं, आणि गावानं ते सोयीनं मानलं होतं.

"मल्ली, धाकटा भाऊ म्हणून विचारते, यातला एक डोळा मला बसेल का रे?"

"वहिनी! दिलेलं दान परत मागतेस?" नणंद सुमना कडाडली. "माझ्या भावाच्या पुण्याला तरी दृष्ट लावू नकोस!"

पियसीलीनं तांदळाच्या डब्यातून एक कार्ड काढलं. नवऱ्याचा हात कधी जात नसे अशी घरात तेवढीच जागा होती. तीन वर्षांपूर्वी ती चोरून डोळ्यांच्या शिबिराला गेली होती. तिथे मिळालेल्या या कार्डावरचं इंग्रजी मात्र तिला वाचता येत नव्हतं.

समरवीरनं कार्ड दोनदा वाचलं. "अक्का, मी नेतो ती फक्त बुबुळापुढची काच. नखाएवढी. ती बदलता येते. तुमची ती लख्ख आहे. निसटलाय तो पार मागचा पडदा, ज्याच्यावर चित्र उमटतं. तो कुणाचा कुणाला लावता येत नाही."

"काहीच इलाज नाही?"

"आता नाही. तेव्हा चार-आठ दिवसांत आला असतात, तर डॉक्टरांनी कदाचित चिकटवलाही असता. का नाही आलात?"

पियसीलीला रडू आलं नाही, संताप आला. डोळा फटक्यानं गेला असंच ती समजत आली होती. तो गेला होता नंतरच्या आठवड्यात.

"मी विहिरीवर पडले नव्हते," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "यानं मारलं. आणि डॉक्टर विचारतील म्हणून आठ दिवस उंबऱ्यात बसून राहिला, मला बाहेर पडू दिलं नाही."

सुमनानं मान खाली घातली. त्या आठ दिवसांत भावासाठी जेवण घेऊन तीच येत होती.

पियसीलीनं सही केली.

"दोन्ही काचा ने, मल्ली. कुणा गरिबाचं भलं होईल. याच्या काचा चांगल्याच असणार. बिघाड होता तो मागे, आत. ते राहू दे त्याच्यापाशी. उद्या जळेल."