वीस ग्रेनची टोचणी

मी एक जुना इंग्रजी शब्द आहे. माझं नाव स्क्रूपल. मित्रांनो, नाव ऐकून नाक मुरडू नका, माझं कूळ अगदी साधं आहे. लॅटिन भाषेत 'स्क्रूपुलस' म्हणजे बारीक, अणकुचीदार खडा. असा खडा पायाखाली आला की माणसाला चैन पडत नाही. म्हणून मनाच्या टोचणीलाही माझंच नाव मिळालं. हातून काही वावगं तर घडत नाही ना, ही शंका म्हणजे मी.

पुढे औषधं बनवणाऱ्यांनी मला तराजूतही बसवलं. ग्रेन म्हणजे धान्याच्या दाण्याएवढं जुनं वजन, आणि वीस ग्रेन म्हणजे एक स्क्रूपल. केवढा मान होता तेव्हा! मग ग्रॅम आले आणि माझी वजनं अडगळीत गेली. आता वर्तमानपत्रात माझ्यापेक्षा 'अनस्क्रूपुलस', म्हणजे माझा लवलेशही नसलेली माणसंच जास्त भेटतात. याचं मला फार वाईट वाटतं.

तरी परवा मला काम मिळालं. औषधांच्या एका दुकानात एक बाई नोकरी करतात. माझं नावही त्यांनी कधी ऐकलेलं नाही. दुपारी त्यांनी डबा उघडला आणि घास हातातच राहिला. मागच्या गल्लीतल्या एका वर्षभराच्या मुलीचं तापाचं औषध सकाळी त्यांनीच दिलं होतं. लेबलावर अर्धा चमचा लिहिलं की दोन चमचे?

“जेवा हो आधी,” मालक म्हणाले. “तुमच्या हातून चूक व्हायची नाही.”

“आणि झाली असली तर?” बाई उठल्याच.

तीन मजले चढून त्या पोचल्या, तेव्हा मुलीची आई पहिलाच चमचा भरत होती. लेबलावर दोन चमचे लिहिलेलं होतं. 'बाटली बदलून देते' एवढंच म्हटलं असतं, तर कुणाला पत्ताही लागला नसता. मी टोचतच राहिलो.

“देऊ नका ते! अर्धाच चमचा द्यायचाय. मी चुकीचं लिहिलं.”

आईने चमचा खाली ठेवला. “माझ्या पोरीचं काही बरंवाईट झालं असतं म्हणजे?” तिने धाडकन दार लावून घेतलं. बाई जिन्यातच बसल्या आणि रडल्या.

थोड्या वेळाने दार उघडलं. आईच्या कडेवर मुलगी होती आणि हातात बाटली.

“आत या,” ती म्हणाली. “तुमच्याच हाताने मोजून द्या.”

बाईंनी हात धुतले आणि अर्धा चमचा औषध मोजलं.

मित्रांनो, माझं नाव विसरलात तरी चालेल. पण मी टोचू लागलो, की मला गप्प बसवू नका.