सहाच्या शिक्क्याची कैफियत

मित्रांनो, मी एक झिजलेला रबरी शिक्का आहे. शिक्का म्हटल्यावर लगेच राजमुद्रा वगैरे डोळ्यांपुढे आणू नका. माझ्या अंगावर सिंह नाही, कमळ नाही, कोणाचं नावसुद्धा नाही. मी आहे नुसता सहाचा आकडा. दहापैकी सहा. पास झाल्याचा आनंद नाही आणि नापास झाल्याचं दुःखही नाही. तेरा वर्षं मी हे एकच काम केलं, आणि खरं सांगू का, फार दमलो.

तोक्योच्या कांदा नावाच्या भागात, जुन्या पुस्तकांच्या दुकानांमागच्या गल्लीत एक म्हातारा शिक्के कोरायचा. त्याने आम्हा दहा भावंडांना, शून्यापासून नवापर्यंत, एकाच दिवशी जन्माला घातलं. दांडे चेरीच्या लाकडाचे, पेटी हलक्या किरी लाकडाची. मी आणि नऊ अगदी जुळे दिसायचो, म्हणून त्याने आमच्या दांड्यांवर एकेक खाच पाडली. "नाहीतर एखादा घाईतला माणूस सहाला उलटा धरील आणि नऊ करून मोकळा होईल," असं तो स्वतःशीच पुटपुटला होता. आम्ही एखाद्या बँकेत जाऊ असं त्याला वाटलं असावं. आम्ही गेलो ‘कोदामा’ नावाच्या पाक्षिकाच्या कचेरीत, आणि तिथे काम होतं नव्या व्हिडिओ गेमना गुण द्यायचं.

पद्धत अशी होती. परीक्षक तीन. प्रत्येकाने गेम खेळायचा, एका चिठ्ठीवर चार ओळींत मत लिहायचं, त्याखाली लाल शाईत दहापैकी आकडा उमटवायचा आणि शेजारी आपल्या नावाचा छोटा ठसा मारायचा. तिघांची बेरीज तीसपैकी छापली जायची. सगळ्यात धाकट्याने पहिला शिक्का मारायचा, म्हणजे मोठ्यांचा आकडा बघून त्याचा हात वळणार नाही. नियम चांगलाच होता.

सुरुवातीची वर्षं मजेची होती. दोन वापरला जायचा, नऊ वापरला जायचा. एकदा तर एक आणि शून्य जोडून दहा उमटले, तेव्हा कचेरीत टाळ्या पडल्या. मग हळूहळू फोन यायला लागले. गुण कमी पडले की गेम काढणाऱ्यांचे, जास्त पडले की फसवणूक झाली म्हणणाऱ्या वाचकांचे. संपादक आणि थोरले परीक्षक हाताकेयामा-सान, म्हणजे तुमच्याकडे म्हणतात तसे हाताकेयामा-राव, पोटाच्या औषधाची पुडी तोंडात टाकून म्हणायचे, "सहा दिले की फोन येत नाही. बघा, विचार करा." झालं! त्यानंतर माझ्या नशिबी विश्रांती नव्हती. नऊ पेटीत कोराकरकरीत पडून राहिला आणि माझ्या कडा गेल्या. सुरुवातीला मला वाटायचं, मी सगळ्यांचा लाडका आहे. केवढा मूर्ख होतो मी!

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अवलंबून आहे. परीक्षणाच्या खोलीत तीन टीव्ही शेजारी शेजारी होते. तीन गेमचे तीन आवाज एकदम सुरू झाले की हाताकेयामा-सानचं डोकं उठायचं. एकदा हेडफोन आणले, तर नागुमोच्या पायात वायर अडकली आणि टीव्हीच खाली आला. तेव्हापासून भिंतीवर कागद लागला, ‘आवाज बंद’. वर्षानुवर्षं त्या खोलीत गेम मुक्यानेच खेळले गेले, आणि त्यात काही चुकतंय असं कोणाला वाटलंही नाही.

नागुमो म्हणजे मधला परीक्षक. पस्तिशीचा, जिभेला धार, टेबलावर कायम नूडल्सचा रिकामा पेला. सगळ्यात धाकटी कुझुमी चिझुरू, तोत्तोरीकडची, सव्वीस वर्षांची. ती आली तेव्हा दोन आणि आठ बिनधास्त उचलायची. तीन वर्षांत तिचा हातही माझ्याकडे न बघता माझ्यावर येऊन पडायला लागला.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये एक गेम आला. तळ्यावरच्या नावाड्याचा. माणसं या काठावरून त्या काठावर न्यायची, एवढंच. परीक्षणाला नुसती कॅसेट यायची, बरोबर माहितीची पुस्तिका नसायची.

"काय गं कुझुमी, कुठवर आलीस?" नागुमोने विचारलं.

"दुसऱ्या प्रकरणात. सगळीकडे धुकं आहे. होडी सारखी खडकावर आपटते."

"मीपण तिथेच लटकलोय. सोड ना. सहा?"

"सहा."

नियम नियमाच्या जागी राहिला. नागुमोने मत लिहिलं, ‘धुक्यात काहीच दिसत नाही. होडी काय अंदाजपंचे हाकायची?’ हाताकेयामा-सानने तर पहिलं प्रकरणही पुरं केलं नाही. मी तीनदा उमटलो. अठरा.

ओबोनची सुट्टी दोन दिवसांवर होती. पितरांसाठी दिवे लावायला सगळे गावी जाणार म्हणून कचेरीत आवराआवर चालली होती. तेवढ्यात त्या गेमचा कर्ता, त्सुकुदा-सान, आला. सत्तावन्न वर्षांचा, इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात आपल्या ओकायामा गावच्या किबिदांगो मिठाईचा डबा. छापायची चित्रं द्यायला आला होता. तातामी चटया विणणाऱ्याच्या दुकानावरच्या खोलीत, आणखी तिघांना घेऊन, चार वर्षं खपून त्याने हा गेम केला होता.

"या, या! अठरा पडलेत," हाताकेयामा-सान मोठ्या मनाने म्हणाले. "तुमच्यासारख्या छोट्या कंपनीला चांगलेच म्हणायचे."

त्सुकुदा-सानने कमरेत वाकून आभार मानले. वर होताना त्याची नजर परीक्षणाच्या खोलीत गेली. त्याचाच गेम चालू होता. धुकं दिसत होतं, होडी दिसत होती.

"टीव्ही बिघडलाय का?" त्याने हळूच विचारलं.

"नाही हो. आमच्याकडे आवाज बंदच असतो."

तो टीव्हीपाशी जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, "धुक्यात होडी कानाने चालवायची आहे. पाणी खोल असलं की वल्ह्याचा आवाज जड येतो. खडक जवळ आला की हलका होतो. पुस्तिकेत लिहिलंय तसं. आम्ही सात महिने तळ्यावर जाऊन ते आवाज गोळा केले."

कुझुमीने मान खाली घातली. नागुमो पेल्यात काही उरलंय का ते बघायला लागला.

"अरेरे!" हाताकेयामा-सान म्हणाले. "मग असं करू, सात-सात देऊ. एकवीस होतील. खूश?"

"नको," त्सुकुदा-सान म्हणाला. आवाज चढवला नाही, पण कान लाल झाले होते. "वाढवून मागायला नाही आलो मी. माझी तिन्ही माणसं दुसरीकडे नोकरीला लागली. हा आमचा पहिला गेम आणि हाच शेवटचा. तो कसा झाला, हे कोणीतरी एकदा सांगावं, एवढंच घेऊन मला घरी जायचं आहे. दोन द्या. तीन द्या. पण खेळून द्या. सहा म्हणजे काय, ते आम्हा सगळ्यांना माहीत आहे."

"काय?" कुझुमीने विचारलं.

"सहा म्हणजे कोणी बघितलंच नाही."

मित्रांनो, मी तिथेच शाईच्या गादीशेजारी पडलो होतो. मला पाय असते तर पेटीत जाऊन तोंड लपवलं असतं. अकरा वर्षांत माझ्यामुळे असं किती घरांत झालं असेल, हा विचार माझ्या मनाला कधी शिवलाच नव्हता. त्सुकुदा-सान डबा टेबलावर ठेवून, पुन्हा वाकून निघून गेला.

पान छपाईला जायचं होतं एकवीस तारखेला. कुझुमीच्या पर्समध्ये तोत्तोरीच्या गाडीचं तिकीट होतं. ती फोनपाशी गेली.

"आई, मी ओबोनला येत नाही... अगं नाही, आजारी नाही. होडी चालवायची आहे... हो, तोक्योतच. कचेरीत... आई? हॅलो?" तिकडून फोन आपटल्याचा आवाज मलासुद्धा ऐकू आला.

तीन दिवस ती एकटी होती. पंखा, बार्लीच्या गार चहाची बाटली, खिडकीबाहेर रातकिड्यांच्या चुलतभावांसारखे दिवसभर ओरडणारे किडे. तिने भिंतीवरचा कागद काढला आणि आवाज मोठा केला. धुक्यात होडी घातली आणि डोळे मिटले. वल्हं जड, जड, जड, मग एकदम हलकं. तिने होडी वळवली. पुन्हा जड. बघता बघता ती पलीकडच्या काठाला लागली आणि एकटीच खुदकन हसली. "अय्या! लागली की!"

मलाही तो आवाज तेव्हाच पहिल्यांदा ऐकू आला. इतकी वर्षं मी गेमना गुण दिले, पण एकाही गेमचा आवाज मी असा एकट्याचा, नीट ऐकला नव्हता.

पण मी खोटं बोलणार नाही. तिसऱ्या प्रकरणात तीच माणसं, तीच बडबड, तेच काठ. तीनच सुरावटी, त्याही फिरून फिरून त्याच. कुझुमी जांभया द्यायला लागली, मग स्वतःचे केस ओढायला लागली. "किती वेळा नेऊ रे या म्हातारीला पलीकडे? पोहत जा म्हणावं!" असं ती टीव्हीला म्हणाली. तरी सोडलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी गेम संपला.

तिने पेटी उघडली. आठाला हात लावला, उचलला, परत ठेवला. पाचाकडे गेली. तिथेही थांबली. माझ्याकडे बघायलाच ती तयार नव्हती; मी ओळखलं, तिला त्या माणसाचे शब्द आठवत होते. आणि मला तर मनातून वाटत होतं, बाई, या वेळी मला नको, दुसरा कोणताही घे. शेवटी तिने डोळे पुसले आणि मलाच उचललं. "काय करू? सहाच आहे," ती मोठ्याने म्हणाली. मग माझी खाच नीट वर धरून, दोन्ही हातांनी तिने मला कागदावर दाबलं. इतक्या जपून मला कोणी कधी उमटवलं नव्हतं.

सुट्टीनंतर तिने दोघांना टीव्हीपुढे बसवलं.

"अगं, आवाज बंद कर, डोकं उठतं माझं!" हाताकेयामा-सान ओरडले.

"पंधरा मिनिटं. डोळे मिटून. नाही आवडलं तर मला ओरडा."

पंधरा मिनिटांचे चार दिवस झाले. नागुमो कुरकुरत शेवटपर्यंत गेला आणि त्याने चार दिले. हाताकेयामा-सानचं गाव तळ्याकाठचं होतं म्हणे. त्यांनी डोळे न उघडता तीन वेळा तळं पार केलं आणि सात दिले. बेरीज सतरा. म्हणजे आधीपेक्षा एक गुण कमीच!

सप्टेंबरात त्सुकुदा-सान आला, तोच पांढरा सदरा, तसाच डबा. अंक हातात घेऊन उभ्याउभ्याच वाचायला लागला. कुझुमीने लिहिलं होतं, ‘धुक्यात डोळे मिटा. वल्ह्याचा आवाज तुम्हाला वाट दाखवतो. असं मी दुसऱ्या कोणत्याही गेममध्ये ऐकलेलं नाही. बाकीचा गेम कंटाळवाणा आहे, तिसरं प्रकरण निम्मं चाललं असतं. शेवटपर्यंत खेळून सांगते आहे.’

त्याने ते दोनदा वाचलं. मग चष्म्यावरून बघत विचारलं, "चार कोणी दिले?"

नागुमोने शाळेतल्यासारखा हात वर केला.

"शेवटपर्यंत खेळून?"

"शेवटपर्यंत. तिसऱ्या प्रकरणात तर मला झोप लागली."

त्सुकुदा-सान एकदम हसायला लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "मलाही तिथे झोप यायची हो! चार वर्षं कोणाला सांगायची सोय नव्हती." मग तो कुझुमीकडे वळला. "आणि सहा तुमचे?"

"हो," ती घाबरत म्हणाली. "खूप विचार केला. पण सहाच होते."

"हे सहा मी घरी नेतो," असं म्हणून त्याने तिची ती चिठ्ठी मागून घेतली, घडी न घालता अंकात ठेवली, आणि तिघांपुढे इतका वेळ वाकून उभा राहिला की हाताकेयामा-सानलाही वाकून राहावं लागलं. तो डबा कुझुमीने तसाच बंद ठेवला. "आईला नेते. तिचा राग अजून गेलेला नाही," ती म्हणाली.

यानंतर सगळं बदललं, असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पण महिन्याभरात गेमचे ढीग पुन्हा वाढले आणि तो कागद भिंतीवर परत चिकटला. कुझुमी आपल्यापुरती जुना हेडफोन दुरुस्त करून वापरायची. बाकीच्यांच्या हातून मी पूर्वीसारखाच उमटत राहिलो. दोन वर्षांनी पाक्षिक बंद पडलं. पेटी रद्दीत निघाली तेव्हा नागुमो म्हणाला, "आठवण म्हणून नऊ घे की. बघ, अजून नवाकोरा आहे." कुझुमी म्हणाली, "मला हाच हवा," आणि तिने मला रुमालात बांधलं.

आता मी तिच्या खणात असतो, बटणं आणि दोऱ्याच्या रिळांमध्ये. रबर तडकलं आहे, शाई धरत नाही. पडल्या पडल्या मी मोजायचा प्रयत्न करतो, किती हजार वेळा उमटलो असेन. आकडा लागत नाही. पण त्यातलं एक उमटणं मला नीट आठवतं, आणि ते ओकायामात कोणाच्या तरी घरी अजून असेल.

मित्रांनो, तुमच्यापुढेही कोणीतरी आपलं काम घेऊन येईल. चित्र असेल, गाणं असेल, नाहीतर पहिल्यांदा केलेली भाजी. ते बरं-वाईट असेल, बहुतेक माझ्यासारखं मधलंच असेल. तसं सांगायला घाबरू नका. चार द्या, सहा द्या. फक्त त्याआधी आवाज तेवढा चालू करा.