चिंध्यांची घडी

मच्छिंद्रनं आग लावली असं धायरीत अजूनही कुणी म्हणालं, तर त्याला माझ्याकडे पाठवा. त्या बोलण्यापायी एका माणसाची चौदा वर्षांची नोकरी आणि नाव दोन्ही जात होतं, आणि ते बोलणं साफ खोटं आहे.

माझा मुलगा आमोद धायरीला फर्निचरचा कारखाना चालवतो. कारखाना म्हणजे पत्र्याची मोठी शेड आणि सात-आठ माणसं. मी शनिवार पेठेतल्या शाळेत बत्तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झाले. घरात बसवेना, म्हणून तिथलं कामकाज बघायला जाऊ लागले. कामकाज कसलं, उकिरडा होता तो! थिनरचे डबे भुशात, भुसा विजेच्या बटणांखाली, वायरी पायात. महिन्याभरात मी सगळं वळणावर आणलं. भुसा रोज संध्याकाळी पोत्यात भरून बाहेर, थिनर वेगळ्या खोलीत, दारासमोरची वाट मोकळी. जिथं माणसं ऐकेनात तिथं पाटी लावली. माझं अक्षर सुरेख आहे, हे मी नाही, माझे विद्यार्थी सांगतील. पाटीखाली मी नेहमी 'हुकमावरून' असं लिहायचे. कुणाच्या, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

उरला मच्छिंद्र. हा आमचा पॉलिशवाला. हाताला कसब असं की सागवानात तोंड बघावं. पण जवसाच्या तेलानं माखलेल्या पॉलिशच्या चिंध्या हा बाबा फाटकाजवळच्या तारेवर एकेक करून पसरायचा. काळ्या, पिवळ्या, तेलकट. आत पाऊल टाकायच्या आधी गिऱ्हाइकाला ती लक्तरं दिसायची. शुक्रवारी कोथरूडचं एक मोठं गिऱ्हाईक येणार होतं, म्हणून बुधवारी मी त्याला धरलं.

"हा काय धोबीघाट आहे का रे?"

"बाई, चिंधी मुडपून ठेवायची नाही. वस्तादांनी सांगितलंय."

"का?"

"तेल तापतं म्हणायचे."

"कढईत आहे का ते तापायला? जवसाची चटणी खातो आपण. बरणीनं पेट घेतल्याचं कधी ऐकलंयस?"

बाकीची माणसं फिदीफिदी हसली. मच्छिंद्र खाली बघत म्हणाला, "कारण मला नाही सांगता येणार, बाई. पण मुडपू नका."

कारण देता येत नसेल तर उत्तराला शून्य, हा माझा शाळेतला शिरस्ता. मी स्वतः त्या चाळीसेक चिंध्या उतरवल्या, रुमालासारख्या घड्या घातल्या, लाकडी कपाटात थप्पी लावली आणि दार लावून घेतलं. मग तारेशेजारच्या खांबावर पाटी लावली: 'चिंध्या बाहेर वाळत घालू नयेत. घडी करून कपाटात ठेवाव्यात. हुकमावरून.' किती समाधान वाटलं म्हणून सांगू!

गुरुवारी सुट्टी असते. दुपारी अडीचला शेड पेटली. मच्छिंद्र मागच्याच गल्लीत राहतो. धूर बघून तो धावत आला, कुलूप फोडून आत शिरला आणि थिनरचे डबे एकेक करून बाहेर काढले. ते पेटले असते तर शेजारच्या शेडही गेल्या असत्या. त्यात त्याचे दोन्ही हात भाजले. बंब येईपर्यंत आमचं अर्धं छप्पर खाली आलं होतं.

आणि आमोद काय म्हणाला? "सुट्टीच्या दिवशी हा इथं कसा? बिडी ओढत आत बसला असणार." हात भाजलेल्या माणसाला त्यानं फोनवरून कामावरून काढलं. मी तिथंच होते, एक शब्द बोलले नाही. मला खरंच वाटलं, बिडीच असेल. माझ्या शिस्तीत आग लागेलच कशी?

शनिवारी अग्निशमन दलाच्या अधिकारी पाहणीला आल्या. शर्मिला त्यांचं नाव, तिशीच्या असतील. काळ्या पडलेल्या शेडभर फिरल्या आणि कपाट होतं त्या कोपऱ्यात उकिडव्या बसल्या. सगळ्यात जास्त तिथंच जळलं होतं.

"इथं काय होतं?"

"पॉलिशच्या चिंध्या," मी म्हटलं. "व्यवस्थित घड्या करून ठेवलेल्या."

"कुठल्या तेलाच्या?"

"जवसाच्या."

त्यांनी मान वर केली. "जवसाचं तेल वाळताना गरम होतं, आजी. फडकं पसरलेलं असलं की ती ऊब हवेत निघून जाते. थप्पीत ती आतच कोंडते, वाढत जाते, आणि काही तासांनी कापड आपोआप पेटतं. त्याला काडी लागत नाही की बिडी लागत नाही. एक तर पसरून वाळवायचं, नाहीतर पाणी भरलेल्या लोखंडी डब्यात झाकण लावून ठेवायचं. घड्या कुणी घातल्या?"

आमोद माझ्या मागंच उभा होता. तेवढ्यात आमोद म्हणाला, "मच्छिंद्रनं. पॉलिशचं सगळं तोच बघायचा."

मला वाचवत होता, गाढव! आणि खरं सांगते, मी त्याला बोलू दिलं. मनात आलं, मच्छिंद्र तर कामावरून गेलाच आहे, आता या वयात माझं नाव कशाला? हे लिहितानाही लाज वाटते.

शर्मिलाबाई फाटकापर्यंत गेल्या आणि खांबापाशी थांबल्या. तिथवर धग पोचलीच नव्हती. पाटी जशीच्या तशी होती.

"मच्छिंद्र यांचं अक्षर फारच सुंदर आहे," त्या आमोदला म्हणाल्या.

"माझं आहे ते," मी म्हटलं. "घड्याही मीच घातल्या. त्यानं मला नको म्हणून सांगितलं होतं. लिहून घ्या."

"आई!"

"तू गप्प बस."

तिथून तडक मच्छिंद्रच्या घरी गेले. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत बांधलेले होते आणि म्हातारी आई, सुंदराबाई, त्याला भात भरवत होती. मी सगळं सांगितलं. आमोद स्वतः येऊन माफी मागेल, हात बरे झाले की कामावर घेईल, असंही म्हटलं.

मच्छिंद्रनं तोंडातला घास गिळला. मग म्हणाला, "मला कारण सांगता आलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं, बाई. माझंच शिक्षण कमी पडलं."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. भाजला तो, नोकरी गेली त्याची, आणि वर चूकही तोच आपल्या अंगावर घेत होता.

सुंदराबाईंनी मात्र भाताची ताटली खाली ठेवली. "सरकारी कागद कोण वाचतंय? माज्या लेकानं आग लावली म्हून समदी गल्ली बोलती. दळण आणाया गेले तर गिरणीवाला तोंड फिरवतोय. तुमास्नी पाट्या लिवता येत्यात न्हवं? मग लिवा की एक."

तिथंच बसून लिहिली. 'या शेडला आग माझ्यामुळे लागली. मच्छिंद्र ढमाले यांनी मला आधीच बजावलं होतं. त्यांचा काहीही दोष नाही.' खाली सवयीनं हात 'हु' काढून बसला. तो खोडला आणि माझं पूर्ण नाव घातलं, मंदाकिनी आगाशे. माझ्या पाटीवरची ही पहिली खाडाखोड. तशीच नेऊन खांबावर लावली. येणारे-जाणारे थांबून वाचू लागले. मी बाजूलाच उभी राहिले, कुणाला काही विचारायचं असलं तर.