झाकण लावल्यावर

त्याने कॅबिनेटचं झाकण बसवलं, चारही स्क्रू आवळले आणि मेमरीची तपासणी तिसऱ्यांदा सुरू केली. आधीच्या दोन्ही वेळी पडद्यावर एकही चूक दिसली नव्हती. दोन्ही वेळी झाकण उघडं होतं. कॉम्प्युटर दुरुस्तीला घेतला की आधी झाकण काढून ठेवायचं, ही त्याची पंधरा वर्षांची सवय. उघडं मशीन गार राहतं आणि गार असताना शहाण्यासारखं वागतं, हे या पंधरा वर्षांत त्याला आज पहिल्यांदाच सुचलं.

हॉस्पिटलच्या नवजात बाळांच्या कक्षातला हा कॉम्प्युटर दिवसाआड गोठायचा. पडदा थिजायचा, माउस हलायचा नाही, बटण दाबून बंद करण्यावाचून गत्यंतर नसायचं. मशीन चालवणारी लिनक्स प्रणाली आपल्या नोंदी इमानेइतबारे ठेवते, म्हणून त्याने त्या ओळ न् ओळ वाचल्या होत्या. गोठण्याच्या क्षणापर्यंत सगळं सुरळीत, पुढे काहीच नाही. डिस्क ठणठणीत होती. उरली मेमरी. तिच्या दोन पट्ट्यांपैकी एक त्यानेच तीन आठवड्यांपूर्वी भंगारातल्या मशीनमधून काढून इथे बसवली होती. मशीन पळू लागलं तेव्हा सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं होतं आणि घरी त्याने दोन दिवस तेच पुराण लावलं होतं.

सव्वीस मिनिटांनी चूक दाखवणारी पहिली लाल ओळ उमटली. मग एकदम अकरा.

गोठणारं मशीन परवडलं, ते निदान सांगून बिघडतं. पण मेमरी खराब असली की न गोठताही एखादा आकडा गुपचूप बदलू शकतो. आणि या मशीनवर रोज सकाळी काय चालायचं ते त्याला ठाऊक होतं. काचेच्या सहा उबदार पेट्यांतली सहा बाळं, दीड-दीड किलोची. कोणाच्या सलाइनमध्ये साखर किती, क्षार किती, ते किती वेगाने सोडायचं, हे सगळं इथे ठरायचं. तीन नंबरच्या पेटीत त्याच्या ताईची मुलगी होती, अकरा दिवसांची.

त्याने मशीन बंद केलं आणि ती पट्टी काढली. बोटांना ती गरम लागली. आता मशीन नीट चालेल, कोण विचारतंय, असं मनात आलं आणि पट्टी खिशात गेलीही. दारापर्यंत पोचून तो थांबला. मागे फिरून तो मोठ्या सिस्टरांकडे गेला. त्या औषधांचं कपाट लावत होत्या. पट्टी त्यांच्यापुढे धरून त्याने एका दमात सगळं सांगून टाकलं.

सिस्टरांनी खणातून निळ्या पुठ्ठ्याची वही काढली. या वहीवरून त्याने त्यांची कितीदा तरी थट्टा केली होती. मशीन आलं तरी त्या प्रत्येक बाळाचं गणित पेन्सिलीने करायच्या, मशीनच्या आकड्याशी ताडून पाहायच्या आणि जुळलं की बरोबरची खूण करायच्या. मशीनची परीक्षा घेताय का, असं तो विचारायचा.

दोघं उभ्याउभ्या पानं उलटू लागले. तीन आठवड्यांपूर्वीपासून पुढे. खूण, खूण, खूण. गेल्या आठवड्यात एका ठिकाणी मशीनचा आकडा खोडलेला होता. तो दुपटीहून जास्त आला होता.

"मला वाटलं, टाइप करताना माझंच बोट चुकलं," सिस्टर म्हणाल्या. "परत केलं तर बरोबर आलं."

मग या सोमवारचं पान आलं आणि त्यांचा चेहरा उतरला. सोमवार ते गुरुवार त्या रजेवर होत्या. आजच कामावर आल्या होत्या.

पण पान कोरं नव्हतं. वळणदार, ठाम अक्षर, साताला लांब शेपूट. हे अक्षर त्याने झोपेतही ओळखलं असतं. शाळेत याच अक्षरातल्या ताईच्या वह्यांवरून त्याने गणितं उतरवली होती. ताई आता शाळेत गणित शिकवायची. बाळाजवळ बसून बसून तिने आपली रीत उचलली, असं सिस्टर म्हणाल्या, आणि रजेवर जाताना त्यांनी वही तिच्याच हाती दिली होती. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. तीन नंबरची ओळ चारही दिवस भरलेली, पुढे खूण.

"वाचलो," तो म्हणाला. त्याला रडू येईलसं वाटलं. त्याने वही मिटली.

सिस्टरांनी ती परत उघडली. त्यांचं बोट एकवर टेकलं, दोनवर टेकलं, मग चार, पाच, सहा. पाचही ओळी कोऱ्या होत्या, चारही दिवस.

"पाच नंबर बुधवारपासून सुस्त आहे," त्या हळूच म्हणाल्या. "जंतुसंसर्ग झालाय का ते बघतायत. मी डॉक्टरांना बोलावते. मशीनचे छापील कागद फायलीत आहेत. तू ताईला आण."

ताई आली. उघडी वही आणि टेबलावरची ती पट्टी पाहून तिला फार सांगावं लागलं नाही. तिने कोऱ्या ओळींवरून हात फिरवला.

"मला फक्त आपलीच सुचली रे," ती म्हणाली.

क्षणापूर्वी त्यालाही आपलीच सुचली होती. ताईने खुर्ची ओढली, पेन्सिल उचलली आणि नवं पान काढलं.

"बुधवारपासून घेऊ. आधी पाच नंबर वाच."

त्याने फायलीतला कागद शोधला. काचेपलीकडे पाच नंबरच्या पेटीशी बसलेल्या बाईने त्याला ओळखलं आणि हसून हात केला. त्यानेही हात केला, आणि वजनापासून वाचायला सुरुवात केली.